गैरहजेरीचे पैसे

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास पुण्याहून एका मुलीचा मेसेज आला. मामेबहिणीच्या ओळखीतली. जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा पास झालेली, इंग्रजी शिकवायला जपानला यायच्या तयारीत. तिच्यापुढे दोन जागा होत्या. एक टोक्योला लागून असलेल्या साइतामात, दुसरी तोत्तोरी प्रांतात, डोंगरातल्या एका छोट्या गावी. पगार दोन्हीकडे सारखाच, महिना 2,40,000 येन. "ताई, तुम्ही शहरात आणि डोंगरात, दोन्हीकडे राहिलाय. कुठे किती उरतील तेवढं सांगा ना. बाबांनी कर्ज काढलंय माझ्यासाठी." मी भांडी घासून नुकतीच बसले होते. हिशेब मांडायला मला लहानपणापासून आवडतं, त्यामुळे उत्साहाने कागद-पेन घेऊन बसले.

आरोग्य विमा, पेन्शन आणि कर कापून हातात येतात साधारण 1,98,000. दुसऱ्या वर्षापासून रहिवासी कर सुरू होतो, तेव्हा आणखी नऊ-दहा हजार कमी. तो दोन्हीकडे सारखाच, म्हणून बाजूला ठेवला. साइतामात एका खोलीचं भाडं 68,000, वीज-गॅस-पाणी 12,000, फोन आणि इंटरनेट 7,000, जेवणखाण 35,000, कपडेलत्ते आणि इकडेतिकडे 25,000. रेल्वेचा पास शाळेकडून मिळतो. उरले 51,000. डोंगरात भाडं 38,000, दोन खोल्या आणि वर मोठं स्वयंपाकघर. पण वीज, सिलिंडरचा गॅस आणि हिवाळ्यातलं रॉकेल धरून 20,000. फोन तेवढाच. खाणं 28,000, इतर 15,000. आणि गाडी. पेट्रोल, विमा, दर दोन वर्षांनी येणारी सक्तीची तपासणी, बर्फाचे वेगळे टायर, सगळं बारा महिन्यांत वाटलं तर महिना 28,000. उरले 62,000. भाड्यात वाचलेले तीस हजार जवळजवळ सगळे गाडीच खाऊन टाकते. हे लोकांना माहीत नसतं, म्हणून मी ते तिला नीट समजावून लिहिलं.

तिचं उत्तर लगेच आलं. "म्हणजे फक्त अकरा हजारांचा फरक! मग टोक्योजवळच बरं ना, ताई?"

मी लिहिलं, "हो."

दिवा मालवून आडवी झाले, पण झोप लागेना. आकडे बरोबर होते. सल्लाही कुणी चुकीचा म्हणणार नाही. तरी ते 'हो' पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत राहिलं. शेवटी उठून कपाटाच्या वरच्या फळीवरून जुन्या वह्या काढल्या. जपानी बायका घरखर्चाची वही ठेवतात, काकेइबो म्हणतात तिला. वर्ष संपत आलं की दुकानात नव्या वह्यांच्या थप्प्या लागतात. माझ्याकडे सहा आहेत. पहिल्या चार शिमाने प्रांतातल्या, त्या हातात घेतल्या की अजून रॉकेलचा वास येतो. हा माझ्या मनाचा खेळ असेल. पण त्या सगळा वेळ स्टोव्हशेजारच्या लाकडी फळीवर होत्या हेही खरं.

मी 2018 च्या ऑगस्टमध्ये 'जेट' योजनेतून आले, म्हणजे परदेशी तरुणांना जपानी शाळांत भाषा शिकवायला आणणाऱ्या सरकारी योजनेतून. वर्षाला 33,60,000 येन. या योजनेतलं मला आवडलेलं हे, की टोक्योत नेमणूक झाली तरी पगार तेवढाच आणि रानात झाली तरी तेवढाच. गाव मात्र आपल्या हातात नसतं. अर्जात पसंती लिहायची तेवढी. सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री बागेत बसून मी जपानी क्रियापदं पाठ केली होती, म्हणून भाबडेपणाने ओकायामा लिहिलं. मिळालं शिमाने, म्हणजे ओकायामाच्या शेजाऱ्याचा शेजारी. लोकसंख्येत शेवटून दुसरा प्रांत. गाव गोनोकावा नदीच्या काठावर. मी पोचले त्याच्या महिनाभर आधी, जुलैच्या अतिवृष्टीत, नदी गावात शिरली होती. दुकानांच्या भिंतींवर चिखलाची रेघ माझ्या छातीइतक्या उंचीवर होती. आणि त्याच वर्षी 31 मार्चला नदीकाठाने धावणारी शेवटची रेल्वे गेली होती. 108 किलोमीटरचा मार्ग एका रात्रीत बंद. स्टेशन तसंच उभं, फलाटावर फुलांच्या कुंड्या, घड्याळ चालू, रुळांवर गुडघाभर गवत. सांगलीला आमचं घर रुळांपासून फार लांब नव्हतं. रात्री गाडीचा आवाज आला की झोप लागायची मला. इथे आवाज फक्त नदीचा.

त्या गावाची छपरं तांबूस कौलांची आहेत. इवामी भागातली ही खास कौलं, त्यांवर येणारी चमक शिमानेतल्याच एका दगडाच्या भुकटीतून येते. पाऊस पडून गेला की सगळी वस्ती भिजलेल्या विटेच्या रंगाची व्हायची आणि मला राजापूरजवळचं आजोळ आठवायचं. इतक्या लांब, इतक्या परक्या ठिकाणी, पहिल्याच संध्याकाळी मला आपलं काहीतरी सापडलं ते छपरावर. हे मी तेव्हा आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मग गळतं का गं?" गळत नव्हतं.

घर शिक्षकांसाठीच्या चाळीवजा इमारतीत, भाडं फक्त 18,000. पहिल्या वहीत त्या आकड्याभोवती मी आनंदाने गोल केलाय. पुढच्याच पानांवर तो आनंद आटत गेलेला दिसतो. तीन शाळा, सगळ्यांत लांबची चोवीस किलोमीटर, रेल्वे नाही, बस दिवसाला मोजून चार. जुनी, पिवळ्या नंबरपाटीची छोटी गाडी 2,50,000 येनला घेतली. पहिलं वर्ष आंतरराष्ट्रीय परवान्यावर गेलं. त्यानंतर जपानी परवान्याची परीक्षा चौथ्या खेपेला पास झाले. दर खेपेला फी, आणि अर्ध्या दिवसाची रजा. पहिल्या हिवाळ्यात रॉकेलचा अठरा लिटरचा डबा साधारण 1,600 येनला होता, जानेवारीत असे चार लागले. सिलिंडरचा गॅस शहरातल्या पाइपच्या गॅसपेक्षा किती महाग असतो हे मला पहिल्या बिलाने शिकवलं. आंघोळीचं पाणी तापवायचं की खोली, असा विचार करत मी किती संध्याकाळी कोट घालूनच पोळ्या लाटल्या आहेत.

पण त्याच वह्यांत भाजीचा रकाना आहे. ऑक्टोबर 2019, भाजी, 640 येन. महिन्याची.

भाजी दारात यायची. सकाळी दार उघडावं तर मातीसकट दोन मुळे, आपल्याकडच्या मुळ्याच्या चौपट. कधी कोबी, कधी पातीचा कांदा, शरद ऋतूत खोकंभर काकी फळं. चिठ्ठी नाही, नाव नाही. सुरुवातीला मला ते इतकं नवल वाटायचं की फोटो काढून घरी पाठवायचे. मग चाळीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आजी एकदा भेटल्या आणि त्यांच्या पिशवीवरच्या गाठीवरून मला कळलं, बऱ्याचदा त्याच. त्या गावात निम्म्या घरांची आडनावं एकच, म्हणून घरांना वेगळी नावं असतात आणि माणसं त्या नावाने ओळखली जातात. माझ्यासाठी त्या 'वरच्या आजी'. तेव्हा चौऱ्याऐंशीच्या, कमरेत वाकलेल्या, चाकाच्या ढकलगाडीवर हात ठेवून फिरणाऱ्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, मला त्यांची बोली अर्धीच कळायची. मी आईचं वाक्य लक्षात ठेवून होते की शेजारची वाटी रिकामी परत देऊ नये. म्हणून पिशवी परत करताना त्यात शिरा, नाहीतर शंकरपाळे. तिथेही हाच नियम आहे, ओकाएशी, घेतलेल्याची परतफेड. मी काही दिलं की दोन दिवसांनी त्यांचं काहीतरी, की माझं. वहीत भाजीचा आकडा घसरत गेला तसा ओकाएशीचा रकाना फुगत गेला: रवा, साखर, तूप, टोक्योहून मागवलेली वेलची, आणि मी कुठे फिरायला गेले की तिथून आणलेल्या खाऊची खोकी, शाळेसाठी वेगळी, गल्लीसाठी वेगळी. ऑक्टोबर 2019, ओकाएशी, 4,200. हिशेबाने बघितलं तर दुकानातून भाजी आणणं स्वस्त पडलं असतं.

एकदा टोक्योच्या दुकानातून आलेल्या पार्सलमधले मसाल्याचे धने मी त्यांना दाखवले. कोथिंबीर नसल्याची माझी रोजची तक्रार होती. त्यांनी चारपाच दाणे हातावर घेऊन चुरडले, हुंगले, तोंड वाकडं केलं आणि मूठभर कागदात बांधून घेऊन गेल्या. वसंतात त्यांच्या वाफ्याच्या कडेला हिरवी रांग उभी. त्यांना तो वास शेवटपर्यंत सोसला नाही. खुडताना नाकावर रुमाल बांधायच्या. चार वर्षं, दर वसंतात, नाकावर रुमाल बांधून त्यांनी मला कोथिंबीर दिली.

आणि मग गवताची गोष्ट.

गावात प्रत्येक वस्तीची मंडळी असते. महिना पाचशे येन वर्गणी. सूचनांची फळी घराघरांतून फिरते, वाचून शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात द्यायची. शरद ऋतूत देवळात रात्रभर कागुरा नाच चालतो, आठ तोंडांचा नाग धूर ओकत मंचावर वेटोळी घालतो, ढोल छातीत वाजतात. त्यासाठी तीन हजार दिले की नाव कागदावर लिहून भिंतीवर चिकटवतात. माझं नाव कोऱ्या कागदावर काळ्या शाईत, त्या सगळ्या आजोबांच्या रांगेत. आपल्याकडे गणपतीच्या फळ्यावर वर्गणीदारांची नावं असतात तसं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले होते. उन्हाळ्यात ठरलेल्या रविवारी सकाळी सहाला सगळ्यांनी मिळून रस्त्याकडेचं, पाटाकडेचं गवत कापायचं. जो येणार नाही त्याने पैसे भरायचे. त्याला तिथे एक शब्द आहे, देबुसोकु-किन. हजेरी कमी पडली त्याचे पैसे. 2019 च्या जुलैत मी क्योतोला जायचं आधीच ठरवलं होतं. रीतसर कळवलं, आणि परत आल्यावर खजिनदार आजोबा आले, मी दोन हजार येन दिले, त्यांनी वाकून पावती दिली. सगळं गोडीत. माझ्या मनात आलं, दोन हजारांत सकाळची झोप आणि क्योतो, स्वस्तच आहे की.

पावती वहीत चिकटवलेली आहे. त्या रविवारी माझ्या खोलीमागच्या पाटाचा तुकडा वरच्या आजींनी कापला, विळा घेऊन, खाली बसून, पुढे सरकत. हे मला त्यांनी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंच्या बोलण्यातून सहज निघालं. पावतीवर तेवढं नाही.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. पण म्हणून मी तिथे फक्त सुखी होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. शनिवारी माझी गाडी कुठे उभी होती हे सोमवारी शाळेत माहीत असायचं. दुकानात मी काय घेतलं, किती दिवसांनी केस कापले, घरी पुरुषाच्या चपला दिसल्या का. प्रेमाने विचारायचे सगळे, आणि त्या प्रेमाने कधीकधी श्वास कोंडायचा. 2020 मध्ये सरहद्दी बंद झाल्या, देशाबाहेर गेलं तर परत येता येईल याची खात्री नाही, तिकडे बाबा आजारी. महिनोन्‌महिने मी मराठीत फक्त फोनवर बोलले. धुक्याच्या सकाळी नदी दिसायची नाही, फक्त ऐकू यायची, आणि मला वाटायचं, मी इथे विरघळून गेले तर कळेल का घरी. वरच्या आजींनी तेव्हा जुन्या किमोनोच्या कापडाचे सहा मास्क शिवून दिले. निळ्या नक्षीचा एक अजून आहे. पण मला माझ्या वयाची माणसं हवी होती, गर्दी हवी होती, कुणीही न ओळखणारी एक संध्याकाळ हवी होती. 2022 च्या जुलैत करार संपला तो मी पुढे वाढवला नाही. आजी बसथांब्यापर्यंत आल्या, ढकलगाडीत कोथिंबिरीची जुडी, मुळांना ओलं फडकं. शिनकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, थंडगार डब्यात चार तास तो वास माझ्याभोवती होता.

टोक्योत मी निशी-कसाईला खोली घेतली. भारतीयांचं हे ठाणं आपल्या लोकांना नवं नाही. इथूनच 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक एदोगावा वॉर्डाच्या सभेत निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, ते वाचून माझी छाती भरून आली होती. बावीस चौरस मीटर, भाडं 78,000, वर देखभालीचे 3,000. आत शिरतानाच अनामत एक महिना, दलाली एक महिना, हमीदार कंपनीचे अर्धा महिना, विमा, कुलूप बदलण्याचे पैसे, आणि घरमालकाला रेइकिन. म्हणजे शब्दशः 'आभाराचे पैसे', एक महिन्याचं भाडं, परत न मिळणारं. मुंबईच्या पागडीबद्दल ऐकून वाढलेल्या माणसाला त्याचा धक्का बसायला नको. तरी मला बसला, कारण ज्याचे आभार मानले तो माणूस मी आजतागायत पाहिला नाही. शिक्षकाचा पगार इथे शिमानेपेक्षा कमी होता. शाळा एका कंपनीमार्फत मिळालेली, ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार निम्मा. करार सही करताना ते कलम मी वाचलं होतं, पण ऑगस्ट आला तेव्हा त्याचा अर्थ कळला. ज्यांना जमेल त्यांनी यूआर या निमसरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींकडे आधी बघावं, तिथे ना रेइकिन ना हमीदार, निशी-कसाईतली कितीतरी भारतीय घरं तिथेच आहेत. मला उत्पन्नाच्या अटीमुळे नाही मिळालं.

आणि तरीही पहिले सहा महिने मी हवेत होते. तूरडाळ, पोहे, मेथी, हिंग, सगळं चालत जाऊन आणण्याच्या अंतरावर. गणपतीत आरतीला उभी राहिले तेव्हा घालीन लोटांगण म्हणताना आवाज फुटेना. तोझाई लाइन या मेट्रोच्या गर्दीत पाय जमिनीला टेकत नसत. करोनाच्या आधी सकाळच्या वेळी या मार्गावर क्षमतेच्या 199 टक्के माणसं मोजली गेली होती. मुंबई लोकलचा सराव नसलेल्या मला ती गर्दी सुद्धा हवीहवीशी होती. कुणी विचारत नव्हतं. शनिवारी मी कुठे होते हे कुणालाच माहीत नव्हतं. दुकानात मुळा चिरून चतकोर मिळतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, 78 येनला. माती नाही, पाला नाही, परत द्यायची पिशवी नाही. माझ्या मजल्यावर शेजारी राहणाऱ्या माणसाची मला फक्त छत्री माहीत आहे, पारदर्शक, मुठीला लाल चिकटपट्टी. ती दाराबाहेर लटकलेली असली की तो घरी आहे. मला हे आवडत नाही असं मी म्हणू शकत नाही. या शहरात मी ज्या पैशांना भाडं म्हणते, त्यातला काही भाग कुणाचं काही देणं न लागण्याचाही आहे, आणि काही वर्षं मला तो मोकळेपणा सगळ्यात मोलाचा वाटला.

2024 च्या फेब्रुवारीत आजींच्या मुलाचा फोन आला. हिरोशिमाला असतो तो. आई गेली, परवा सकाळी विधी. माझ्या दोन वाक्यांपुरतं जपानी उरलं, ती म्हटली, आणि फोन ठेवून मी कागद घेतला.

हो, कागद घेतला. शिनकान्सेनने हिरोशिमा एका बाजूचे एकोणीस हजारांहून जास्त, पुढे बस, येऊनजाऊन 45,000 येन धरायचे. दोन दिवसांचा पगार कापला जाणार तो वेगळा. त्याच आठवड्यात घरी 80,000 पाठवायचे होते. 2020 च्या मध्याला एक लाख येनचे सत्तर हजार रुपये व्हायचे, आता पंचावन्न होत होते, आणि त्याच वर्षी जुलैत ते बावन्नावर गेले. इकडे पगार तोच, सांगलीला पोचणारे पैसे दर महिन्याला विरघळत चाललेले. बाबांची औषधं तेवढीच होती. मी गेले नाही. दुकानातून काळ्यापांढऱ्या दोरीचं शोकाचं पाकीट आणलं. फिकट शाईने नाव लिहायचं असतं, अश्रूंनी शाई पातळ झाली म्हणून. नोट कोरी चालत नाही, कोरी नोट म्हणजे तुम्ही आधीपासून तयारीत होतात असं दिसतं. मी वापरलेली पाच हजारांची नोट शोधून घातली. ते सगळं टपाल कचेरीतून मिळणाऱ्या एकवीस येनच्या रोख रकमेच्या पाकिटात घातलं, नोंदणी केली, पावती घेतली. महिना-दीड महिन्याने घरी खोकं आलं: हिरवा चहा आणि समुद्री शेवाळाचे पापड, साधारण अडीच हजारांचे. शोकाच्या पैशांचीही परतफेड असते, अर्ध्या किमतीची. चहा फार चांगला होता. मी तो पुरवून पुरवून प्यायले.

त्या रात्री, मुलीला 'हो' लिहिल्यावर, मी तेच पान शोधत होते हे ते सापडल्यावर मला कळलं. फेब्रुवारी 2024. कोदेन, म्हणजे शोकाचे पैसे, 5,000. टपाल आणि पाकीट 600. आणि खाली, माझ्या अक्षरात, सवयीने, एक वजाबाकी. 45,000 वजा 5,600. पुढे लिहिलंय, 'वाचले 39,400'.

त्या आकड्याकडे मी किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. बाहेर पहिली गाडी गेली, म्हणजे पाच वाजून गेले असतील. आठवलं ते आजींच्या मुलाने फोनच्या शेवटी विचारलेलं. तेव्हा माझं नीट लक्षही नव्हतं. आईच्या वाफ्याच्या कडेला काहीतरी उग्र वासाचं उगवलंय बर्फातून, तण आहे का, उपटून टाकू का. मी म्हटलं होतं, राहू दे. पुढे त्याचं काय झालं, विचारलं नाही. ते घर आता रिकामं आहे. त्या भागात अशी रिकामी घरं इतकी आहेत की नगरपालिका त्यांच्या याद्या करून नव्या लोकांना बोलावते. कौलं तीच तांबूस असतील. पाटाकडेचं गवत जूनच्या रविवारी कोण कापतं, की त्या घरातर्फे आता कुणी दोन हजार भरतं, मला माहीत नाही.

सकाळी शाळेत जाताना गर्दीच्या डब्यात एका हाताने मी त्या मुलीला पुन्हा मेसेज लिहिला. आकडे खरेच होते आणि तिच्या बाबांचं कर्जही खरं आहे. अकरा हजार येन म्हणजे वर्षाचे सत्तर-पंचाहत्तर हजार रुपये, तिच्या घरासाठी ती लहान रक्कम नाही. तोत्तोरीला जा असं मी लिहिलं नाही, तो अधिकार मला वाटत नाही. लिहिलं ते इतकंच. काल मी तुला घाईने उत्तर दिलं. डोंगरात रात्री सात वाजता सगळं मिटतं आणि जानेवारी फार मोठा असतो. तुला रडायला येईल आणि ते गावाला कळेल. लोक दारात भाजी ठेवतील, ती फुकट नसते, पिशवी रिकामी परत देऊ नकोस. रविवारी पहाटे गवत कापायला बोलावतील तेव्हा जा, पैसे भरून सुटू नकोस. साइतामात यातलं काही नाही, तिथे तू मोकळी असशील आणि तेही खूप असतं. मी दोन्ही केलंय आणि मला दोन्हींतलं काही परत देता आलेलं नाही. लिहिता लिहिता मोनझेन-नाकाचो आलं, दार उघडलं, गर्दीने मला फलाटावर काढलं आणि पुन्हा आत घेतलं. मेसेज गेला.

दिवसभर उत्तर नाही. मला वाटलं, घाबरवलं मी पोरीला. पाचव्या तासाला सातवीच्या मुलांना 'किती' आणि 'केवढं' याचं इंग्रजी शिकवत होते, खिशात फोन थरथरला. तास संपल्यावर जिन्यात उभं राहून बघितलं.

"ताई, गवत कापायचं मशीन आपलं आपण न्यायचं असतं का?"

मी लिहिलं, "नाही गं. मशीन शेजारचे आणतात. तू विळा ने, आणि टोपी."